मेंदूच्या नकाशावरील तांबडा ठिपका

२०२५ सालच्या मार्गशीर्षांतील गोष्ट. काशी येथें देवव्रत महेश रेखे या अवघ्या १९ वर्षांच्या तरुणानें शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचें दंडक्रम पारायण ५० दिवसांत पुरें केलें, ही वार्ता वर्तमानपत्रांतून आली आणि नाशकांतील जुन्या घरांतून तिचें मोठें कौतुक झालें. कौतुकाला आणखी एक कारण होतें. असें पारायण सुमारें २०० वर्षांमागें नाशकांतच वेदमूर्ति नारायणशास्त्री देव यांनीं केलें होतें, असेंही त्या वार्तेंत म्हटलें होतें. २,००० च्या आसपास मंत्र, त्यांतील पदें उलटसुलट क्रमानें गुंफावयाचीं, आणि समोर पोथी नाहीं! ज्यांच्या कानांवर लहानपणापासून संहितेचा नाद पडलेला आहे त्यांना या कर्तृत्वाचें मोल निराळें सांगावयास नको.

त्याच आठवड्यांत आमच्या दादांच्या मोबाइलवर एक चित्र आलें. करड्या रंगाचा मेंदू, त्यावर दोन्ही बाजूंस तांबडे-पिवळे डाग, आणि खालीं मोठ्या अक्षरांत मजकूर : ‘वेदपठनानें मेंदू दहा टक्क्यांनीं वाढतो, पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा निर्वाळा.’ दादांनीं तें माजघरांत सर्वांना वाचून दाखविलें. आप्पा झोपाळ्यावर बसले होते. आमचे वडील, आप्पा, आतां ८६ वर्षांचे आहेत. मुंजीनंतर त्यांनीं संहिता मुखोद्गत केली. पुढें जन्मभर सरकारी कचेरींत कारकुनी केली, पण रोजचा पाठ कधीं सुटला नाहीं. गेलीं दोन वर्षें मात्र त्यांची आठवण ओसरत चालली आहे. नातीला ते आपल्या वारलेल्या बहिणीच्या नांवानें हांक मारतात. जेवून उठल्यावर अर्ध्या तासानें अजून पान कां वाढलें नाहीं म्हणून विचारतात. दादांचें वाचन संपल्यावर क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग वहिनींनीं हळूच विचारलें, “मग आप्पांचें असें कां झालें?”

प्रश्न साधा होता. उत्तर कोणापाशींच नव्हतें. दादा चिडले. चित्र खोटें म्हणावें तर अभिमानाला धक्का, खरें म्हणावें तर आप्पांच्या जन्मभरच्या पाठाचें फळ कोठें गेलें हें कोडें. तें चित्र कोठून आलें, असलीं चित्रें काढतात कशीं आणि त्यांतून काय समजावयाचें, हें पाहण्याचें मीं ठरविलें. मी वैद्यकाचा किंवा गणिताचा पदवीधर नव्हे. माझी पुतणी संगणकावर अशाच आकृत्यांचें काम करते, तिची मदत झाली. जें हातीं लागलें तें येथें देतों, कारण तें चित्र एव्हांना वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं पोंचलें असेल.

चित्रामागें जें संशोधन आहे तें खरें आहे, हें आधीं सांगितलें पाहिजे. जेम्स हार्टझेल आणि त्यांचे सहकारी यांनीं तें केलें व २०१६ सालीं ‘न्यूरोइमेज’ या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. दिल्लीजवळ मानेसर येथें राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तेथील यंत्रावर २१ यजुर्वेदी पंडितांच्या मेंदूंचीं चित्रें घेतलीं, आणि वय, हाताचें डावें-उजवेंपण, किती भाषा येतात इत्यादि बाबतींत त्यांच्याशीं जुळणाऱ्या दुसऱ्या २१ जणांचींही घेतलीं. पंडितांच्या मेंदूच्या दोन्ही अर्धांत करडें द्रव्य दहा टक्क्यांहून अधिक आढळलें. भाषा आणि श्रवण यांच्याशीं संबंध असलेले कानशिलांच्या आंतील भाग दोन्हीकडे जाड होते. शिवाय हिपोकॅम्पस नांवाचा जो एक आंतला, समुद्रघोड्याच्या आकाराचा, स्मृतीच्या कामीं येणारा भाग आहे, तो उजव्या बाजूस आपल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश विस्तारांत अधिक भरलेला होता. हार्टझेल यांनीं या सर्वास ‘संस्कृत परिणाम’ असें सुटसुटीत नांव दिलें. नांव सुटसुटीत असलें कीं तें मूळ लेखाच्या पुढें धांवतें. तसेंच येथें झालें.

आतां चित्राकडे वळूं. असें चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे. ही गोष्ट मला पुतणीनें समजावून दिली आणि निम्मा घोटाळा तेथेंच मिटला. यंत्रांत निजलेल्या माणसाच्या मेंदूवर कोठेंही तांबडा डाग नसतो. रंग मागाहून, गणित केल्यावर, भरतात. आणि ज्या मेंदूवर तो भरतात तो मेंदू बहुधा त्या माणसाचा नसतोच!

नाशकांतील जुने वाडे डोळ्यांपुढें आणावे. कोणाचा चौक मोठा, कोणाची ओसरी अरुंद, कोणाच्या माडीचा जिना उजवीकडे तर कोणाचा डावीकडे. तरी ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर यांचा क्रम बहुतेक ठरलेला. अशा वीस वाड्यांत दिवेलागणीला पहिला दिवा कोठें लागतो हें एकाच कागदावर दाखवावयाचें असेल तर काय करावें? एक नमुन्याचा वाडा आंखावा, प्रत्येक वाड्याचा आराखडा ताणून अथवा आंवळून त्या नमुन्यावर बसवावा, आणि दिव्याच्या जागीं ठिपका द्यावा. पुष्कळ ठिपके जवळजवळ पडले म्हणजे देवघर तेथें आहे असें म्हणावें. मेंदूच्या बाबतींत हेंच करतात. नाशिक सुमारें २० अंश उत्तर अक्षांशावर व ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आहे असें आपण म्हणतों, त्याचप्रमाणें मेंदूंतील प्रत्येक जागेला तीन आकड्यांचा पत्ता असतो. मेंदूच्या मध्यभागीं, दोन अर्धांना जोडणाऱ्या तंतूंची एक लहानशी जुडी आहे. तेथें शून्य धरावयाचें. तेथून उजवीकडे अधिक व डावीकडे उणे, पुढें अधिक व मागें उणे, वर अधिक व खालीं उणे. माप मिलिमीटरांत. उदाहरणार्थ, वाचतांना शब्द ओळखण्याच्या कामीं येणारी जागा उणे ४२, उणे ५७, उणे १२ या पत्त्याच्या आसपास आहे. म्हणजे डावीकडे, मागें आणि तळाशीं.

हा नमुन्याचा वाडा कोणाचा? हा प्रश्न मला फार रुचला. १९८८ सालीं झां तालेराक आणि पिएर तुर्नू या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं जो नकाशासंग्रह काढला तो एका ६० वर्षांच्या फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवरून, तिच्या मृत्यूनंतर. पुढें कित्येक वर्षें जगभरचे संशोधक तरुण विद्यार्थ्यांच्या विचारांचे पत्ते त्या अनामिक वृद्धेच्या मेंदूंत लिहीत होते. त्यानंतर कॅनडांतील माँट्रियल येथें १५२ निरोगी तरुणांच्या मेंदूंची सरासरी काढून दुसरा नमुना केला, आणि आतां तोच बहुतेक ठिकाणीं वापरतात. दोन नमुन्यांचे पत्ते अगदीं जुळत नाहींत. कडेच्या भागांत फरक जवळजवळ एक सेंटिमीटरपर्यंत जातो. जुन्या नमुन्याचा पत्ता नव्यावर तसाच मांडला तर ठिपका शेजारच्या खोलींत पडावयाचा. आपल्याकडे हैदराबादच्या आय्. आय्. आय्. टी. या संस्थेनें २०१९ सालीं २१ ते ३० वर्षांच्या ५० पुरुष व ५० स्त्रिया यांच्यावरून भारतीय मेंदूचा नमुना सिद्ध केला. आपला सरासरी मेंदू लांबी, रुंदी, उंची व घनफळ यांत पाश्चात्त्य नमुन्यापेक्षां लहान निघाला. यांत दुःख मानण्यासारखें कांहीं नाहीं. मेंदूच्या आकारमानावरून अकलेचें माप काढण्याचा उद्योग मागेंच फसलेला आहे. पण आपल्या माणसांचे आराखडे परक्या नमुन्यावर बसवितांना जास्त ओढाताण करावी लागते, एवढें मात्र त्यावरून ध्यानांत येतें.

पंडितांच्या अभ्यासांत मेंदूची घडण मोजली होती. तांबड्या डागांचीं पुष्कळशीं चित्रें मात्र घडणीचीं नसून कामाचीं असतात, म्हणून त्याविषयींही थोडें सांगतों. जो भाग काम करतो तेथें प्राणवायूनें भरलेलें रक्त अधिक धांवून येतें, आणि त्यामुळें चुंबकाच्या यंत्रांत तेथील संदेश किंचित् बदलतो. हा मार्ग १९९० सालीं सेइजी ओगावा यांनीं दाखविला. म्हणजे यंत्र विचार पाहत नाहीं. विचारामागून पांच-सहा सेकंदांनीं रक्ताचा जो भर येतो तो पाहतें. स्वयंपाकघरांत काय शिजत आहे हें न पाहतां नळाला किती पाणी लागलें यावरून अंदाज बांधण्यासारखें तें आहे. अंदाज चांगला बांधतां येतो, परंतु अंदाजच. याच मानेसरच्या केंद्रांत देवनागरी वाचनाचाही अभ्यास झाला आणि तो २००९ सालीं ‘करंट सायन्स’मध्यें आला. देवनागरी वाचतांना डाव्या बाजूच्या नेहमींच्या भागांबरोबर उजव्या बाजूचेही कांहीं भाग कामाला लागतात असें त्यांत दिसलें. आपल्या लिपींत मात्रा वर, उकार खालीं, काना पुढें, आणि ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारीं मागून येत असून लिहावयाची आधीं. अक्षराभोंवतीं चहूंकडे पाहावें लागतें, हें त्याचें कारण म्हणून सुचविलें आहे. बाळबोध वळण गिरवितांना आपला उजवा मेंदूही राबत होता हें वाचून मला मौज वाटली.

तथापि एका चित्रांत मेंदूचे लाखभर बारीक घन असतात आणि प्रत्येकाची निराळी परीक्षा करावयाची असते. इतक्या परीक्षांत निव्वळ योगायोगानें उत्तीर्ण होणारे घन शेंकड्यांनीं निघतात. २००९ सालीं क्रेग बेनेट व त्यांच्या मित्रांनीं एक मेलेला सामन मासा यंत्रांत ठेवला, त्याला माणसांचीं चित्रें दाखविलीं, आणि योगायोगाची वजावट न करतां गणित केलें. माशाच्या मेंदूंत तांबडे ठिपके उमटले! त्यांना शास्त्राची थट्टा करावयाची नव्हती; वजावट न करणाऱ्यांची करावयाची होती. २०१६ सालीं अँडर्स एक्लंड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तर असें दाखविलें कीं सर्रास वापरांतल्या संगणक-कार्यक्रमांच्या एका प्रचलित पद्धतींत शेंकडा पांच चुकांची मर्यादा ठरविली असतां प्रत्यक्षांत कधीं कधीं शेंकडा सत्तरपर्यंत खोटे डाग निघत होते. त्यावर शास्त्रज्ञांनींच मोठा वाद केला व पद्धति सुधारल्या. डागाची मर्यादा कोठें धरली हें खालीं लिहिलेलें नसेल तर त्या चित्राला मी तरी आतां फारशी किंमत देत नाहीं.

एका रविवारीं दुपारीं पुतणीनें आपला लॅपटॉप माजघरांत आणला. असे नकाशे दाखविणारे कार्यक्रम फुकट मिळतात : लंडनचा एस्. पी. एम्., बोस्टनचा फ्रीसर्फर, सेंट लुइसचा कॅरेट, शिवाय एम्. आर. आय. क्रॉन नांवाचा एक लहानसा. तिनें पडद्यावर नमुन्याचा मेंदू आणला आणि उंदरानें धरून तो गरगर फिरविला. मेंदूची साल दोन ते चार मिलिमीटर जाड, पण पसरली तर वर्तमानपत्राच्या एका पानाएवढी होईल. ती कवटींत मावावी म्हणून तिला घड्या पडल्या आहेत आणि तिचा दोन-तृतीयांश भाग त्या घड्यांच्या आंत दडलेला असतो. वरून ठिपका दिला तर तो घडीच्या काठावर आहे कीं तळाशीं, हें कळत नाहीं. म्हणून हे कार्यक्रम मेंदूला फुग्यासारखा फुगवून दाखवितात. घड्या उलगडतात आणि खोल जागाही वर येतात. बोस्टनच्या ब्रूस फिशल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं ही रीत मांडली.

यांत एक मेख आहे. घडीचे दोन काठ सरळ अंतरानें अगदीं लगत असतात, पण सालीवरून चालत गेलें तर दूर. रामकुंडावर उभें राहिलें असतां एका काठाला पंचवटी आणि समोर जुनें नाशिक. हांक मारली तर ऐकूं जाते, परंतु पूल नसता तर तिकडे जावयास किती वळसा पडता! कार्यक्रमाला केवळ तीन आकडे दिले आणि त्यांभोंवतीं दहा मिलिमीटरांचा गोल रंगवावयास सांगितलें, तर रंग पंचवटीवरून पैलतीरावर उडतो. पाहणाऱ्याला वाटतें कीं दोन ठिकाणें जागीं झालीं.

“काका, हिपोकॅम्पसचा पत्ता घालूं या,” पुतणी म्हणाली. तिनें २६, उणे १२, उणे २० असे आकडे घातले. चिरलेल्या मेंदूच्या चित्रांत ठिपका बरोबर त्या समुद्रघोड्याच्या डोक्यावर बसला. मग तेच आकडे तिनें सालीच्या नकाशावर पाठविले. तेथें समुद्रघोडा नव्हताच, कारण हा भाग आंत गुंडाळलेला आहे, आणि सालीच्या नकाशांत तो धरीत नाहींत. तथापि कार्यक्रमानें तक्रार केली नाहीं. जवळांत जवळची साल शोधून त्यानें तांबडा रंग तेथें, मेंदूच्या तळाशीं, आज्ञाधारकपणें भरला. तळघरांतला दिवा वरच्या अंगणांत दाखवावा तसें झालें. दादांच्या मोबाइलवरील चित्र सालीचें होतें. म्हणजे ज्या स्मृतीच्या भागावरून आमच्या घरांत एवढा वाद झाला तो भाग त्या चित्रांत मुळीं नव्हताच. मग तिनें गंमत म्हणून २६ च्या मागें उणे चिन्ह घातलें. ठिपका चट्कन दुसऱ्या बाजूला गेला. डॉक्टरांच्या फिल्मवर रोग्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला असते, संशोधकांच्या पुष्कळ चित्रांत तसें नसतें; एक चिन्ह चुकलें कीं उजव्याचें डावें होतें आणि चित्र दिसावयास तितकेंच सुबक राहतें.

येथें एक आडवळणाची गोष्ट सांगून टाकतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या नातवाला ‘मध्यमेंदू जागृत’ करण्याच्या एका वर्गांत घालावें असें घरांत चाललें होतें. डोळे बांधून मूल पुस्तक वाचतें, असा त्यांचा दावा. पत्रकावर असाच रंगीत मेंदू, कपाळाच्या मागें झळाळणारा, आणि शुल्क भरमसाट. मध्यमेंदूचा पत्ता शून्य, उणे २८, उणे १२ च्या आसपास आहे, म्हणजे डोक्याच्या पार आंत, मणक्याकडे जाणाऱ्या देठावर. डोळ्यांच्या हालचाली, बुबुळाचें आकुंचन असलीं कामें तो जन्मापासून करीत असतो. तो झोंपला तर मूल वर्गांत येणारच नाहीं. तेव्हां आम्हांला पत्ता वाचतां येत नव्हता. नातवाला त्या महिन्यांत गोवर निघाला म्हणूनच पैसे वांचले.

आतां वहिनींचा प्रश्न. हार्टझेल यांनीं जे पंडित मोजले ते तरुण होते, आणि एकदांच मोजले. तुलना २१ जणांच्या सरासरीची दुसऱ्या २१ जणांच्या सरासरीशीं; त्यांतल्या एखाद्या विशिष्ट माणसाविषयीं तिच्यावरून कांहीं सांगतां येत नाहीं. लेखांत ‘अधिक आढळलें’ असें आहे, आणि मोबाइलवरच्या मजकुरांत त्याचें ‘वाढतो’ झालें. पाठानें मेंदू भरला, कीं ज्यांची स्मृति मुळांतच दांडगी होती तेच पाठशाळेंत टिकले? आप्पांच्या बरोबर बसलेल्या सात मुलांपैकीं चौघे दुसऱ्या वर्षीं निघून गेले, असें ते पूर्वीं सांगत. हा पेंच सोडवावयाचा तर त्याच मुलांना पाठशाळेंत येतांना आणि बाहेर पडतांना, असें दोनदां मोजलें पाहिजे. लंडनच्या टॅक्सीवाल्यांबाबत असें झालें आहे. शहरांतील हजारों रस्ते तोंडपाठ करणाऱ्या या लोकांचा हिपोकॅम्पस मागील बाजूस मोठा असल्याचें एलिनॉर मॅग्वायर यांनीं २००० सालीं दाखविलें. पुढें २०११ सालीं त्यांनीं उमेदवारांना शिक्षणाच्या आधीं व नंतर तपासलें, आणि जे परीक्षा उतरले त्यांच्यांतच तो वाढलेला दिसला. आपल्या वेदपाठशाळांत असें मोजमाप कोणी मनावर घेईल तर मला तें दहा चित्रांपेक्षां अधिक मोलाचें वाटेल.

आप्पांच्या फिल्मवर डॉक्टरांनीं बोट ठेवलें तें नेमकें हिपोकॅम्पसवर. तो दोन्ही बाजूंस आक्रसला आहे. हा म्हातारपणचा विकार आहे. तो पंडिताला होतो आणि अपंडितालाही होतो. रोजच्या पाठामुळें तो लांबला कीं काय, याचें उत्तर २१ तरुणांच्या सरासरींत नाहीं. अशा उपयोगाविषयीं आपणांस पुष्कळ विचारणा होते, पण त्यासाठीं अधिक संशोधन लागेल, असें खुद्द हार्टझेल यांनींच २०१८ सालीं लिहिलें आहे. या विकारांत नवी आठवण आधीं जाते. लहानपणीं घोटून घोटून बसविलेलें पुष्कळ दिवस टिकतें. म्हणून सकाळचें जेवण आप्पा विसरतात आणि रुद्राचा अध्याय विसरत नाहींत.

दादांना हें सर्व ऐकून प्रथम राग आला. “म्हणजे कौतुक करूंच नये कीं काय?” ते म्हणाले. मीं म्हटलें, त्या काशीच्या मुलानें केलें तें ५० दिवस लोकांनीं कानांनीं ऐकलें. त्याला तांबड्या रंगाची साक्ष कशाला हवी? दादांनीं चित्र पुसलें नाहीं, पण पुढें कोणाला पाठविलेंही नाहीं.

वहिनी पडद्याजवळ सरकून बसल्या होत्या. “आप्पांचा भाग कोणता तो पुन्हां दाखव ग,” त्या म्हणाल्या. पुतणीनें मेंदू फिरवून ठिपका समोर आणला. आप्पा झोपाळ्यावरून उठून कधीं मागें येऊन उभे राहिले तें कोणाला कळलें नाहीं. त्यांनीं चष्मा नाकावर सरकविला, थोडा वेळ तें फिरणारें चित्र निरखिलें आणि विचारलें, “अक्रोड आहे होय? केवढ्याला दिला?” मग चूळ भरून ते देवघरांत गेले. दिवा लावण्याची वेळ झाली होती. आंतून पाठ सुरू झाला तो एकाही स्वराची चूक न होतां चालला. मध्येंच थांबून त्यांनीं एकदां बहिणीला हांक मारली, आणि पुतणी “आलें,” म्हणून उठली.